पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र

भर पावसाळ्यात समुद्र बघायला कोण जातं, हे त्या वर्षी मला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मीच आधी सांगून टाकायची: हो, माझं डोकं फिरलंय, आता पुढचं बोला. माझी नणंद सुधा अलिबागला राहते. तिनंही लिहिलं, "वहिनी, दिवाळीत या. सध्या समुद्र खवळलेला असतो, मुंबईहून होड्या बंद असतात. मुलांना पाण्यात पायसुद्धा घालता यायचा नाही." मी उलट टपाली कळवलं, पाय घालायचाच नाही, नुसता बघायचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याहून निघतो.

सुधा याच गावची लेक. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव दिवसभर एकमेकांवर गोटे फेकतात. पांढुर्ण्यानं झेंडा काढला की संपलं. कुणाचं डोकं फुटतं, कुणाचा डोळा जातो. देवीची राख लावायची आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे चहाला जायचं, अशी रीत. म्हणे कधीकाळी सावरगावची पोरगी पांढुर्ण्याच्या पोरानं पळवली, नदी ओलांडताना दोघांना सावरगावनं गोट्यांनी गाठलं, पांढुर्णा मदतीला धावलं, तिथून हे सुरू झालं. मीही सावरगावचीच. पण मला कोणी पळवलं नाही. वाजतगाजत वरात आली, माझ्या बापानं गावजेवण घातलं. तरी गोटे थांबले नाहीत ते नाहीतच.

आमचे हे, म्हणजे गावाचे मोरेश्वर गुरुजी, वर्षभर शाळेत सांगतात की कुत्र्यालाही दगड मारू नये. आणि त्या एका दिवशी डोक्याला गमछा गुंडाळून नदीवर हजर. पलीकडच्या काठावर माझा भाऊ हिरामण. त्याच्या डाव्या भुवईवर जो व्रण आहे, तो यांच्याच गोट्याचा. भाऊबीजेला जेवायला बसला की हिरामण भुवईवर बोट ठेवून म्हणतो, "हा पाहा, जावयाचा आहेर!" मग दोघं पोट धरून हसतात. मी वाढत असते. मला एकदाही हसू आलं नाही. एकाच दिवशी दोन्ही काठांवरच्या डोक्यांची काळजी वाहायची, याचा वीट आला होता. सुरुवातीला भीती वाटायची. नंतर नुसता थकवा उरला.

तसंच रेटत नेलंही असतं मी. पण गेल्या पोळ्याला मुकुंदानं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरायला नकार दिला. "मी काय लहान आहो का?" म्हणाला. आमच्याकडे पोरगं लाकडी बैल सोडतं, त्यानंतर त्याचा हात गोट्याकडेच जातो. पहिल्यांदा मागं उभं राहून गोटे पुरवायचे, मग हळूहळू पुढं सरकायचं. यंदा तो आठवीत गेला आणि घरामागच्या भिंतीवर डालड्याचा डबा ठेवून त्यावर नेम धरायला लागला. डबा पुन्हा पुन्हा खाली पडायचा. पोराचा नेम चांगला आहे म्हणून आईनं खूश व्हावं की रडावं?

हिरामणनं ते पाहिलं आणि मिशीत हसला. "भाचा तयार होऊन राहिला, बाई. औंदा मामाले आहेर देते का मामाकडून घेते, ते पाहू."

त्याच दिवशी मी समुद्र ठरवला. दुसरं काही सुचलं असतं तर तेही ठरवलं असतं. नागपूरला नेलं असतं तर हे दुपारच्या गाडीनं परत आले असते. समुद्रावरून संध्याकाळच्या आत कुणालाच परतता येत नाही, एवढंच मला समुद्राबद्दल ठाऊक होतं.

मग सुरू झाली तयारी. यांना खरं कारण माहीत होतं, आणि मला माहीत होतं की यांना माहीत आहे. पण बोलायचं मात्र समुद्राबद्दलच. "सर्दी होईन पोराइले." होऊ द्या. "शाळेची सुट्टी?" पोळ्याला जोडून घ्या. "पोळ्याच्या आधीच नाही निघता येत. दादाच्या बैलाइची पूजा आहे." म्हणून तर दुसऱ्या दिवशीची सकाळ. "दिवाळीत गेलो तर काय बिघडते?" काही नाही बिघडत, दिवाळीत परत जाऊ. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं रोज तेच. मी फराळ करत होते, पावसाळी कपडे कोरडे करत होते आणि एकीकडे या माणसाला रोज थोडं थोडं ढकलत होते. बैल ढकलणं सोपं.

पोरांपैकी मनापासून खूश होती ती धाकटी वंदू. समुद्रात कोणता फ्रॉक घालायचा, समुद्र संध्याकाळी बंद होतो का, असले तिचे प्रश्न. रेतीत खेळायला तिनं तोच डालड्याचा डबा पिशवीत घातला. भावाच्या गोट्यांनी तो जागोजागी चेपला होता. मुकुंदा मात्र काही विचारत नव्हता. तिथंच मला कळायला हवं होतं.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी जेठांच्या, म्हणजे यांच्या दादांच्या, बैलांना ओवाळलं, घरी येऊन पुरणपोळीची पानं वाढली. सामान दाराशी बांधून ठेवलं होतं. हे पाटावर बसता बसता म्हणाले, "असं करू इंदू. तू वंदूले घेऊन सकाळी नीघ. मी अन् मुकुंदा परवा येतो. झेंडा निघाला की निघालोच समज."

"मुकुंदा काहून?"

"मोठा झाला आता. मांगं उभा राहीन. मी आहो न संग. लोक विचारून राहिले, गुरुजीचा पोरगा दिसत नाही म्हून."

मुकुंदा पानात बघून जेवत होता. त्याचे कान लाल झाले होते. बापलेकांचं आधीच ठरलं होतं तर.

मी भांडायला हवं होतं. पण शाळा सुरू झाल्यापासून ढकलून ढकलून माझ्यात भांडण्याइतका जीवच उरला नव्हता. मी तुपाची वाटी खाली ठेवली.

"ठीक आहे. मग मी बी नाही जात. सावरगावले जाते."

"तिथं कायले?"

"उद्या हिरामणच्या बाजूनं उभी राहीन. तुम्ही फेका खुशाल. मुकुंदाचा नेम बी चांगला आहे."

हे हसले. "तिथं बाया नसतात उभ्या."

"एक होती म्हणे. तिच्याच्यानंच तर हे सुरू झालं न."

यांचं हसू तिथंच थांबलं. मी सगळ्यांना पोटभर वाढलं, स्वतः जेवले, भांडी घासली, चुलीवर पाणी शिंपडलं. मग वंदूचा हात धरला, तिची पिशवी घेतली आणि पूल ओलांडून माहेरी गेले. दाराशी हिरामण बैलांच्या झुली काढत होता.

"सकाळची गाडी न तुही? अशी कशी आली?"

"आहेर घ्यायले आली," मी म्हटलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा हात आपोआप भुवईकडे गेला, आणि या खेपेला तो हसला नाही.

सकाळी मी खरोखरच काठावर जाऊन बसले. पळसाचं झाड रोवलेलं होतं, झेंडा पावसानं भिजून काठीला चिकटला होता. दोन्हीकडं गोट्यांचे ढीग. गर्दी अजून जमायची होती. शेजारच्या बाया लांबून मला बघत होत्या, हिरामण जवळ येऊन येऊन "घरी चाल, बाई" म्हणत होता. मला शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. पण उठून परत जायचं तर कुठल्या काठावर? वंदू नदीची ओली रेती डब्यात भरून उपडी करत होती. "आई, समुद्राची रेती अशीच असते?" मी म्हटलं, असेल.

तेवढ्यात पुलावरून मुकुंदा पळत येताना दिसला. प्रवासासाठी काढून ठेवलेला नवा शर्ट अंगात, पायांत सँडल.

"आई, चाल लवकर. बाबा स्टेशनावर बसून राहिले, सामान घेऊन. म्हणे तिले आण, गाडी येऊन राहिली."

"अजून काय म्हणाले?"

"काही नाही. गमछा घरीच ठेवला."

त्याच्या पँटचे खिसे फुगले होते. माझं लक्ष तिकडं गेलेलं पाहून त्यानं एकेक करून गोटे काढले. हाताला चांगले बसतील असे, निवडून ठेवलेले. ते त्यानं मामाच्या पायाशी ठेवले. हिरामणनं एक उचलून तळहातावर तोलला.

"कोणासाठी ठेवून होता रे?"

मुकुंदा मामाच्या भुवईकडे बघत राहिला.

"तू बी चाल न आमच्यासंग," मी हिरामणला म्हटलं. उगाच म्हटलं, मला उत्तर माहीत होतं.

"मी कुठी येऊ, बाई? झेंडा कोण राखीन?" म्हणाला, आणि भाच्याचे गोटे त्यानं आपल्या ढिगावर ठेवले.

गाडी आम्हाला अगदी कशीबशी मिळाली. हे खिडकीपाशी बसले होते, माझ्याकडे न बघता सरकून त्यांनी जागा दिली. मला आनंद व्हायला हवा होता. घोडं एकदाचं गंगेत न्हालं होतं. पण पाय दुखत होते आणि पुढचा पोळा आत्तापासूनच डोळ्यांसमोर होता. एका काठावरची डोकी मी गाडीत घातली होती. दुसऱ्या काठावरचं तिथंच राहिलं होतं.

पांढुर्णा मागं पडलं. वंदूनं डबा मांडीवर घेतला, मुकुंदा झोपेचं सोंग घेऊन पडला. हे बराच वेळ बाहेरच बघत होते. मग हळूच म्हणाले, "हिरामणले सांगितलं का तू, डोक्याले काही बांध म्हून?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचा गमछा असता तर तोच देऊन आली असती."

यांनी मान खाली घातली.