आत्याचा सल्ला

बहात्तर साली पुष्पा मॅट्रिक पास झाली. निकाल लागतो न लागतो तोच तिची आत्या मालनबाई श्रीगोंद्याहून पेढे घेऊन दारात हजर झाली, तेव्हाच पुष्पाच्या आईच्या, भागूबाईच्या मनात पाल चुकचुकली. भावाच्या पोरीवर आत्याचा पहिला हक्क, आणि मालनबाईचा सहादेव लग्नाचा झालेला. भागूबाईनं नकार ओठावर तयारच ठेवला होता: पोरगी अजून शिकणार हाय.

पण मालनबाई भाचीला जवळ बसवून म्हणाली, "शीक बाई. नगरला जा, मास्तरीन हो. लग्नाची घाई करू नको, कुनी किती बी म्हनू दे."

ही बाई आपल्याच मनातलं कशी बोलायला लागली? भागूबाईला चहा गोड लागेना. पोरगी पगाराची झाली की मग मागणी घालायची, हाच डाव असणार.

"वन्सं, पोटात काय हाय ते बोला," ती म्हणाली.

मालनबाईनं पदर सावरला. "राग धरू नका, वैनी. आमचा सहादेव दोन खेपा मॅट्रिकला आपटला. शिकलेली बायको नको म्हनतोय. आमी हक्क सोडला."

हवं ते न मागता पदरात पडलं होतं. भागूबाईनं कपबशी आदळली.

"का? माझ्या पोरीत काय खोट हाय?"