गिटार हुंकार देते

रविवारची प्रार्थना आटोपली की बेटावरच्या वाइमेआ गावाचे लोक चर्चमधून घरी न जाता थेट मिलिआमाच्या दारात लोटत. देवापेक्षा तिच्या मेलेल्या नवऱ्याकडे, कानिएलाकडे, गर्दी जास्त. उशिरा आलेले बाहेर धुक्यात उभे राहून खिडकीतून माना आत घालत. भिंतीवर कानिएलाची गिटार टांगलेली आणि तिच्यापुढे डोळे मिटून उभा असे प्रोफेसर हेसेकिया. हिलो शहराहून आलेला. प्रोफेसर कशाचा, हे कुणी विचारलं नव्हतं.

आधी तो प्रार्थना म्हणे. शब्द थोडे, हेल फार. खर्जापासून निघून आवाज इंचाइंचानं वर चढे. मग प्रश्न. "कानिएला, सुखात आहेस ना? ऊऽऽम." आणि एकदम गप्प. त्या शांततेत, कुणाचं बोट न लागता, भिंतीवरून उत्तर येई. ऊऽऽम. बायका एकमेकींचे हात घट्ट धरत. "आमच्यावर रागावलास?" या प्रश्नाला मात्र गिटार मुकी राही. घुमली तर हो, मुकी राहिली तर नाही.

"त्याला सुटका हवीय," प्रोफेसरनं गेल्या रविवारी जाहीर केलं. "पुढच्या रविवारी गिटार माझ्याबरोबर द्या. ज्वालामुखीच्या काठावर नेऊन मी त्याला मोकळा करतो."

मिलिआमानं मान डोलावली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. त्याच्यासाठी पोईचा, अळूच्या कंदाच्या लापशीचा, वाडगा भरून ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. मुलगी लुईका गावच्या शाळेत शिकवायची. तिला मात्र दुसरंच दिसत होतं. गिटार गेली की तारांत राहिलेली पापाची जुळणीही जाणार होती.

वाइमेआत प्रत्येक घराची तारा उतरवून लावायची आपली अशी जुळणी असते, आणि ती घराबाहेर जात नाही. वाजवून झालं की माणूस आधी खुंट्या पिळून तारा ढिल्या करतो आणि मगच गिटार टांगतो, शेजाऱ्याला सुगावा नको म्हणून. कानिएलाला तेवढी उसंत मिळाली नाही. गिटार तशीच ताणलेली खिळ्याला अडकवून तो म्हणाला, "छातीत कळ येतेय," आणि खुर्चीतच गेला. जुळणी त्यानं मुलीलाही सांगितली नव्हती. नंतर गिटारीला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

गुरुवारी आई कबरीवर गेली होती. खुंटीवरची पापाची टोपी हातात आली, तिला अजून घोड्याचा वास होता. लुईकाला हुंदका फुटला, लांबला आणि थांबला.

ऊऽऽम, गिटार म्हणाली.

ती टोपीसकट भिंतीकडे वळली. "पापा?" उत्तर नाही. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. तो तिथे असावा असं तिला मनापासून वाटत होतं, म्हणून ती विचारत राहिली.

पण वर्गात ती मुलांना बजावायची: एकदा घडलं ना, मग पुन्हा घडवून बघा. डोळे पुसून तिनं तोच हुंदक्याचा सूर कोरडेपणानं धरला आणि सोडला. गिटार घुमली. सूर थोडा सरकवला तर मुकी. मग तिनं कागदाचे चिटोरे दुमडून तारांवर बसवले. एका सुराला एकच चिटोरा उडाला, दुसऱ्या सुराला दुसऱ्या तारेवरचा. जिचा सूर ऐकू येई ती तार थरथरे, बाकीच्या नाही. प्रोफेसरची प्रार्थना म्हणजे तारांची चाचपणी होती. कुठला सूर घुमतो हे आधी हेरायचं, मग 'हो' हवं असेल तर तो धरायचा आणि 'नाही'साठी टाळायचा.

आणि गिटारवाल्यांनी भरलेल्या गावाला हे कळू नये? कळणार कसं. इथे टांगलेली प्रत्येक गिटार ढिली. ढिली तार कुणाला ओ देत नाही.

रविवारी प्रोफेसरनं हेल काढले. गिटार ढिम्म. पुन्हा काढले. कपाळाला घाम आला.

"घरात कुणीतरी अश्रद्ध आहे," तो म्हणाला.

"मीच," लुईका म्हणाली, आणि तारा थरथरू नयेत म्हणून त्यांच्याखाली खुपसलेली काळी फ्लॅनेलची पट्टी तिनं ओढून काढली. मग गिटारीसमोर उभी राहिली. "पापा, अंकल पिलिपोचा बैल यंदा गव्हर्नर होणार का? ऊऽऽम."

ऊऽऽम, गिटार म्हणाली.

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. "माझं मत त्यालाच," म्हातारा पिलिपो म्हणाला. लुईकानं त्यालाही सूर धरायला लावला, मग दोन बायकांना. गिटारीनं कुणालाच नाराज केलं नाही. या गडबडीत प्रोफेसर टोपी उचलून दाराकडे सरकला.

"अहो, सुटका करणार होतात ना?" पिलिपोनं विचारलं. "स्वतःचीच करून घेताय."

हशा पिकला. मिलिआमा तेवढी हसली नाही.

"म्हणजे तो नव्हता?"

"नाही, आई."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मिलिआमा रडली. त्या भोंदूपेक्षा आपणच आईचं जास्त चोरलं, असं लुईकाला क्षणभर वाटलं. बऱ्याच वेळानं आईनं पोईचा वाडगा उचलून बाजूला ठेवला. "काढ ती खाली," ती म्हणाली. "वाजव."

लुईकानं गिटार मांडीवर घेतली, एकेक तार छेडली आणि मोठ्यानं सांगू लागली. "जाड तार दोन पडदे खाली. तिच्या शेजारचीही…"

"पोरी, घरची जुळणी चारचौघांत सांगतेस?" पिलिपो हादरलाच.

"आपण सगळे तारा ढिल्या करून लपवतो, म्हणून ताणलेली तार घुमते हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि तो माणूस आमच्या घरात शिरला, अंकल. आपण झाकून ठेवतो, तिथेच भुताला जागा होते. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, तारा ताणा, गिटार टांगा आणि तिच्यासमोर गाऊन बघा."

वाजवून झाल्यावर सवयीनं तिचा हात खुंट्यांकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि गिटार तशीच, ताणलेली, भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी मिलिआमा भांडी घासताना गुणगुणली आणि गिटार घुमली. ती थबकली. भिंतीकडे बघत राहिली.

"तार आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि गाण्याची पुढची ओळ धरली.