खाली उरलेली जागा

"खाली उतर. काम आहे तुझ्याशी, आणि ते असं ओरडून सांगण्यातलं नाही."

पेंटर शिडीवर उभा राहून औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होता. खाली काकू उभ्या होत्या, पाट्या रंगवण्याच्या धंद्यातल्या त्याच्या जोडीदाराची आई. जोडीदारानं स्वतःचा जीव घेतला त्याला महिना होत आला होता. मागे चिठ्ठी म्हणून एक ओळ नाही. पोलिसांनी शोधली, घरच्यांनी गाद्या उसवल्या, पेंटरनं तर रंगाचे रिकामे डबेसुद्धा उपडे करून पाहिले. मेल्यानं जन्मभर लोकांच्या पाट्या लिहिल्या आणि घरच्यांसाठी दोन शब्द लिहिताना त्याचा हात आखडला! पेंटरला त्याचा राग यायचा, आणि राग आला की रडूही यायचं.

तो उतरला. काकूंनी पिशवीतून कोरा कागद काढला.

"तुम्हा दोघांचं अक्षर सारखं. एकाच गुरूकडे शिकलात. त्याची चिठ्ठी तू लिही."

"काकू, काहीतरीच काय!"

"तुझे काका जेवत नाहीत रे. त्या दिवशी ते त्याला बोलले होते ना, 'तुझ्यानं काही व्हायचं नाही' म्हणून. तेच धरून बसलेत. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. त्यांना ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय. आता त्याचं तोंड मी कुठून आणू?"

पेंटरनं हाताचा रंग पुसला. मग त्यानं पेन काढलं.

काकू सांगत गेल्या, "बाबा, तुमच्या बोलण्यामुळे नाही. मलाच आतून सोसवत नव्हतं. वेळेवर जेवत जा." आवाज जराही हलला नाही.

"आणि तुमच्यासाठी?" त्यानं विचारलं. कागदावर अजून पुष्कळ जागा होती.

"माझं राहू दे. रात्री तो येरझाऱ्या घालत होता, मला ऐकू येत होतं. मी कूस बदलून झोपले. मला कशाला दोषातून सोडवायचं कुणी?" त्यांनी कागदाची घडी घातली. "त्याच्या निळ्या शर्टाच्या खिशात सापडली म्हणून सांगते."

पुढच्याच आठवड्यात काका पेंटरच्या दुकानात आले. काका स्टुलावर बसले, खिशातून तीच चिठ्ठी काढली आणि टेबलावर नीट पसरली.

"अक्षर झकास जमलंय."

"काका, मी..."

"अरे, तो निळा शर्ट मीच उलटासुलटा करून पाहिला होता. एकदा नाही, रोज. शिवणसुद्धा चाचपली होती."

"मग तुम्ही काकूंना काही..."

"जेवलो." काका हसल्यासारखे झाले. "ती ताटासमोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. बाई एवढं करून आली, मग घास कसा नाही उतरणार? तेव्हापासून जेवतोय." त्यांनी कागदाच्या खालच्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं. "रात्री झोपेत पुटपुटते ती, 'उठायला हवं होतं' म्हणून. इथे अजून एक ओळ घाल. लिही, आई, तू उठून आली असतीस तरी मी तुला काही सांगितलं नसतं. आता शांत झोपत जा."

पेंटरनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"पण काका, काकूंना लगेच कळेल. ही ओळ त्यांनी सांगितलेली नाही."

"कळू दे."

पेंटर त्यांच्याकडे बघतच राहिला. या माणसाला तो लहानपणापासून ओळखत होता. शिडी जागेवर ठेवली नाही म्हणून ओरडणारा, चहा गार झाला म्हणून कुरकुरणारा माणूस. ही दोघं एवढी मोठी आहेत हे इतकी वर्षं आपल्याला दिसलं कसं नाही? त्यानं पेन पुन्हा उचललं. काकांनी कागद दोन्ही कोपऱ्यांना धरून ठेवला.

"सावकाश," ते म्हणाले. "त्याच्यासारखंच येऊ दे."

ओळ लिहून झाली. शाई वाळेपर्यंत काका तिच्याकडे बघत बसले. मग चिठ्ठी खिशात ठेवून उठले.

"निघतो रे. ती जेवायची थांबली असेल."