विंगेतली बहीण

नाटकाच्या पत्रिकेत प्रॉम्प्टरचं नाव छापत नाहीत. माझी त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. गावदेवीच्या जत्रेतलं आमचं नाटक यंदा पनवेलच्या नाट्यगृहात स्पर्धेला उतरलं, तेव्हाही वही घेऊन विंगेत मीच बसले. मुख्य भूमिकेत माझा धाकटा भाऊ गुरुदत्त. अख्खा गाव जमिनीपायी खोटं बोलतो, हा एकटा देवीसमोर खरं बोलतो, अशी ती भूमिका. हसू येतं ना? मला त्या दिवशी आलं नाही.

सकाळीच मी तलाठ्याकडून वारसनोंदीची नक्कल आणली होती. बाबांच्या जमिनीला वारस म्हणून एकटा गुरुदत्त. सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र: 'वडिलांना माझ्याशिवाय दुसरे अपत्य नाही.' खाली पंच म्हणून सही कमळाकरची. नाटकात देवीचा पुजारी होतो तोच. आई गेली तेव्हा गुरुदत्तला कडेवर घेऊन फिरले मी, आणि ह्याच्या लेखी मी जन्मलेच नाही! हरकत घ्यायला उद्याचा शेवटचा दिवस. तरी ठरवलं, आधी नाटक होऊ दे, पोराचा विरस नको. मी अशीच मूर्ख.

तिसऱ्या अंकात कमळाकरनं भंडाऱ्याचं ताट पुढे केलं. भंडारा देवळातूनच आणलेला. आमच्याकडे खोटा चालत नाही. गुरुदत्तनं शपथेसाठी त्यात हात घातला. वाक्य सोपं होतं: 'देवीसमोर सांगतो, मला एक बहीण हाय.' तालमीत एकदाही चुकलं नव्हतं.

तो गप्प. पिवळी बोटं तशीच ताटात. त्यानं विंगेकडे पाहिलं. माझं बोट वहीत त्याच ओळीवर होतं. मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, एवढं एक वाक्य तरी तुझं तू बोल.

नाहीच बोलला. मटकन खाली बसला आणि रडायला लागला. कमळाकरनं घाईघाईनं पुढचं वाक्य घेतलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही, इतक्या टाळ्या पडल्या.

अभिनयाचं पहिलं बक्षीस गुरुदत्तला. परीक्षक म्हणाले, बहिणीचं नाव काढताना घसा दाटून येणं इतकं खरं त्यांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं ट्रॉफी देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि माझ्या पाया पडला. माझा जीव तुटला. वाटलं, आता बोलेल.

"बाय, तू गप रायलीस म्हनून झालं सगलं," तो खाली बघत म्हणाला. "आता उद्याचा दिस अशीच गप रा."

म्हणजे त्याला माहीत होतं, मला कळलंय ते.

मी कागद-पेन घेऊन ओट्यावर बसले. हरकतीच्या अर्जाचं पहिलं वाक्य सोपं होतं: 'मी गुरुदत्तची सख्खी बहीण.' ते लिहायला मला फार वेळ लागला.