सर्वांना चालेल अशी डबी

आमच्या ओसाको वाडीत अकरा घरं आणि अकराही घरांत जुने, पोट सुटलेले टीव्ही. २०११ सालच्या जुलैत, चोवीस तारखेला दुपारी बारा वाजता जुनं प्रसारण बंद होणार, हे सरकार कित्येक वर्षं घसा फोडून सांगत होतं. डोंगरावरचा सामाईक अँटेना बदलून झाला होता. आता नवं डिजिटल प्रसारण दिसायला प्रत्येकाने टीव्हीला जोडायची डबी, म्हणजे ट्यूनर, आणायची की झालं. इतर कुठे हे अर्ध्या तासाचं काम. पण आम्ही पडलो समजूतदार, आम्ही समिती नेमली.

अध्यक्ष कुरामोचीसान, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं म्हणणं, सगळ्यांनी एकच डबी घ्यावी. एकाकडे भारी आणि दुसऱ्याकडे हलकी असली की मनं दुखावतात. त्यांनी सात डब्यांची माहिती फळीला लावून घरोघर फिरवली. अशी फळी आमच्याकडे नेहमीच फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या दारात ठेवायची. वाचायची हे मी आपलं म्हणायला म्हटलं. या खेपेला शिक्क्याशेजारी पसंती लिहायची होती. फळी परत आली तेव्हा दहा घरांचं उत्तर एकच होतं : 'सर्वांना चालेल ती.'

अकरावं घर किनुआजीचं. वय सत्त्याऐंशी. तिने लिहिलं, 'तीन नंबरची. लवकर आणा.'

वाडी हादरली. इतकं सरळ उत्तर आमच्याकडे शंभर वर्षांत कुणी दिलं नव्हतं. मग 'सर्वांना चालेल ती म्हणजे नेमकी कुठली' हे ठरवायला बैठका सुरू झाल्या.

आजीला घाई होती ती नातवापायी. नातू सुमो पैलवान, आखाड्यातलं नाव सुगिनोमिने. नागोयाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच सर्वांत वरच्या गटात चढलेला. चौदा दिवसांत सात कुस्त्या जिंकला, सात हरला. पंधराव्या दिवशी जिंकला तर वर टिकणार, नाहीतर गडगडत खाली. आणि तो पंधरावा दिवस नेमका चोवीस तारखेचा, कुस्ती दुपारी सव्वाचारला.

तेवीस तारखेला सतरावी बैठक झाली.

"आजी, तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे," कुरामोचीसान म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो.

"मग करा की विचार! माझा नातू काय तुमची बैठक उठेपर्यंत आखाड्यात ताटकळणार आहे? नाहीतर मी माझी एकटीच आणते."

"आणा ना. आम्ही कुणी काहीसुद्धा म्हणणार नाही."

आजीचा चेहराच उतरला. हिवाळ्यात तिच्या छपरावरचा बर्फ उपसायला हीच दहा घरं येतात.  हातानो टोफूवाल्याने सर्वांसाठी चहा ओतला आणि समितीच्या एकजुटीचं कौतुक केलं.

आता खरं सांगतो. माझ्याकडे डबी मे महिन्यापासून होती. देवघरात, वारलेल्या बायकोच्या तसबिरीमागे लपवलेली. माझ्यासारखा चोर वाडीत दुसरा नाही, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाराच्या ठोक्याला जुना पडदा निळा झाला. मी खिडक्या लावल्या, डबी जोडली, आवाज पार बंद केला. उकाडा असा की देवघरातली मेणबत्ती वाकून नमस्कार करू लागली. फटीतून पाहिलं तर वाडीभर खिडक्या बंद. झोपलेत बिचारे, म्हटलं. उघडी होती एकट्या आजीची पडवी. ती पंखा घेऊन बसली होती, निळ्या पडद्याकडे पाठ करून.

हाक मारावी असं वाटलं. शप्पथ, वाटलं. पण मग डबी कुठून आली, ते सांगावं लागलं असतं.

सव्वाचारला सुगिनोमिनेने समोरचा दीडशे किलोचा डोंगर पट्ट्याला धरून उचलला आणि कडेबाहेर ठेवला, लोणच्याची बरणी ठेवावी तसा. माझ्या तोंडून आरोळी सुटली, आवरेना!

आणि मग खालून हातानोची आरोळी आली. मग त्याच्या पलीकडून, मग ओढ्यापाशी. प्रत्येकाची डबी वेगळी. कुणाची चित्र लवकर दाखवते, कुणाची रेंगाळत. त्यामुळे तो गडी आमच्या वाडीत एकामागून एक दहा वेळा जिंकला. सर्वांत शेवटी, मी निम्मा पेला बार्लीचा चहा संपवल्यावर, पार खालच्या उतारावरून कुरामोचीसान ओरडले. सर्वांत स्वस्त डबी त्यांचीच असणार.

आजी उठली. पायांत चपला सरकवल्या आणि उतार उतरू लागली. मी खिडकी उघडली.

"आजी, कुठे निघालात?"

"शेवटी ओरडला त्याच्याकडे," ती मागे न बघता म्हणाली. "त्याच्या डबीत तो अजून जिंकायचा असला तर बघते!"

मीही तिच्या मागोमाग गेलो. कुरामोचीसाननी दार उघडलं तेव्हा ते घामाने निथळत होते आणि नजर पायपुसण्यावर होती. पडद्यावर तीच कुस्ती संथ गतीने पुन्हा दाखवत होते. आजीने त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि चटईवर बसली. नातवाचे हात पट्ट्यावर पडत होते.

"पडद्यासमोरून हला, पोस्टमास्तर," ती म्हणाली. "आणि आता तरी आवाज चालू करा."