ओरडू नका, ठोका

हेडफोनच्या काळ्या गादीला शिवणीजवळ धुळीचा एक कण चिकटला होता. राखाडी नव्हे, विटकरी. म्हणजे या गोदामातला नाही, तिथला – गेल्या महिन्यात भूकंपानं बसलेल्या त्या परक्या शहरातला, पुसण्या-झटकण्यातून वाचून इथवर आलेला. तो टाचणीनं काढावा की राहू द्यावा हे तिला ठरवता येईना. बारा वाजून गेले होते. चार वाजता ट्रक विमानतळाकडं निघणार होता.

सकाळी पुन्हा निरोप आला होता. दुसरा देश, दुसरा भूकंप, बाहेरची शोधपथकं हवीत. पलीकडं एकेक पेटी वजनकाट्यावर चढत होती. पथकाचा प्रमुख – सगळे त्याला कप्तान म्हणत – यादी घेऊन तिच्या टेबलाशी थांबला.

‘तुझं नाव पेन्सिलीनं लिहिलंय. नाही म्हणालीस तरी कुणी चकार शब्द काढणार नाही. वडील जाऊन एकोणीस दिवस होतायत.’

‘विचार करते.’

‘कर. पण दोनच्या आत. हातपाय बावीस जणांचे आहेत गं माझ्याकडं, कान तुझे एकटीचे.’

कान, हेच तिचं काम. ढिगाऱ्यावर सहा सेन्सर ठेवायचे, ते तारांनी तिच्या हेडफोनला जोडलेले. शिट्टी झाली की यंत्रं बंद होतात, कुणी बूटसुद्धा हलवत नाही, पाच देशांची माणसं जिथल्या तिथं पुतळे होतात आणि सगळ्यांचे डोळे तिच्या उजव्या हाताकडं लागतात. खालून काही ऐकू आलं तर हात वर करायचा. हात वर म्हणजे तिथं खणायचं, सहा तास, आठ तास – आणि तेवढा वेळ दुसरीकडं कुठं खणायचं नाही. चुकून वर गेलेला हात कुणाच्या तरी जिवावर बेततो. न गेलेलाही.

बाबांना याचं कोण कौतुक! ‘भिंतीला कान असतात हे ऐकून होतो,’ येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, ‘पण त्या कानांना पगार मिळतो, हे लेकीमुळं कळलं.’ एकदा जेवताना त्यांनी विचारलं, समजा आपण अडकलो, तर काय करायचं? आणि मी – शिकवायची हौस दांडगी – पाण्याच्या पेल्यावर चमचा वाजवून दाखवला. ओरडायचं नाही, बाबा. ओरडलं की दम जातो, घशात धूळ जाते आणि आवाज काँक्रीटमधून बाहेर पडत नाही. पाईप शोधायचा, नाही तर भिंत. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. म्हणजे वर बसलेल्याला कळतं की हे माणूस आहे, गळणारं पाणी नाही. ‘ओरडू नका, ठोका,’ त्यांनी पाठ म्हणून दाखवलं, आणि आई म्हणाली, पुरे आता, पेला फुटेल.

ते न्हाणीघरात पडले तेव्हा आई चष्मा दुरुस्त करून आणायला गेली होती. दीड तास. मुलगी परदेशात, लोकांचे ठोके ऐकायला गेलेली – पण तो दीड तास तिनं दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक धरून परत परत मोजून पाहिला होता, आणि दर वेळी उत्तर एकच आलं होतं: त्या वेळी ती तंबूत गाढ झोपली होती. मग ती परतली, माणसं भेटून जाऊ लागली, आणि शेजारच्या काकू निघताना जिन्यात थांबल्या.

‘तुला म्हणून सांगते,’ काकू म्हणाल्या. ‘त्या दिवशी मला ठकठक ऐकू येत होती. तीनदा ठोकायचं, थांबायचं, परत तीनदा. इतकं शिस्तीत चाललं होतं… मला वाटलं, कुणीतरी खिळे ठोकतंय. ओरडले असते ना गं, तर हातातलं टाकून धावले असते.’

मधली भिंत चार इंचांची. खिडकी उघडी. तिथं ना ढिगारा होता, ना धूळ. एक हाक पुरली असती. आणि त्यांना तर हाक मारायची सवय – गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज, आई त्यावरून चिडायची… तो आवाज त्यांनी जपून ठेवला. दम वाचवला. मी सांगितलं होतं म्हणून.

आईला हे सांगायचं नाही, एवढं तिनं जिन्यातच ठरवलं. तेव्हापासून मात्र घड्याळ, नळ, वरच्या मजल्यावरची पावलं, सगळं तीन-तीन वाजत होतं.

निघण्याआधी उपकरणं तपासायची पद्धत ठरलेली होती. मागच्या अंगणात सरावासाठी रचलेल्या काँक्रीटच्या ढिगात एकानं शिरायचं आणि ठोकायचं. कधी, ते सांगायचं नाही. तिचा जोडीदार लांबू, साडेसहा फूट उंचीचा, घडी घालावी तसा स्वतःला दुमडून आत गेला. तिनं डोळे मिटले. एक, दोन, तीन – लांबून, पण स्वच्छ. तिनं हात वर केला.

लांबूचं डोकं बाहेर आलं. ‘काय गं?’

‘आले. तीन.’

‘अगं, अजून बूडसुद्धा टेकलं नाही माझं! दगड तर हातात घेऊ दे.’ तो हसला, मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. ‘सेन्सरला वारा लागला असेल. पुन्हा करू.’

वारा नव्हता. दुसऱ्यांदा तीन ठोके आले तेव्हा हात मांडीवरून उचललाच गेला नाही. हे खरे, की मघासारखेच? ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं लांबू बाहेर आला, गुडघे झटकले आणि तारा गुंडाळू लागला. त्यानं ठोकलं होतं.

दोनला दहा कमी असताना तिनं आईला फोन लावला.

‘जेवलीस?’

‘हो.’

‘आवाजावरून तर वाटत नाही. आणि जायचं असेल तर जा बाई. मी काही पळून जात नाही.’

‘आई, तू घरात एकटी असताना पडलीस-बिडलीस, तर ओरडायचं. जोरात. भिंत ठोकत बसायचं नाही.’

हे कधी तोंडातून गेलं, तिला कळलं नाही. कळलं तेव्हा पलीकडं फक्त फ्रीजची घरघर उरली होती.

‘त्यांच्या हातात दाढीचं रेझर होतं,’ आई म्हणाली. ‘ते जुनं, जड. मुठीत घट्ट. आणि गालाला साबणाचा थेंब नव्हता. रेझर कशाला घेतलं असेल, हेच मला इतके दिवस उमगत नव्हतं.’

‘आई –’

‘तू शिकवलंस तसंच केलं ना त्यांनी?’

आवाजात राग होता? की नुसतं कोडं सुटल्याचा थकवा? गळणारं पाणी आणि माणसाचं बोट यांतला फरक मला काँक्रीटच्या तीन थरांखालून कळतो, आणि हे कळेना. कप्तान दारात येऊन उभा राहिला, हातात यादी. ढिगाऱ्यात एखादा स्लॅब जरासा सरकला की कुणी हलायचं नसतं; आधी बघायचं, बाकीचं अजून धरून आहे का. मी हलले नाही. ‘हो,’ एवढंच म्हणाले.

आई बोलली नाही. तिनं फोनही ठेवला नाही. त्या शांततेत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, काहीही ठोकत नव्हतं. फक्त तिचा श्वास येत होता, जात होता, आणि तो मला जवळ बोलावतोय की दूर लोटतोय हे न कळताही मी तो ऐकत राहिले.