खाणीतला सेट

ईरप्पाला सोलापुरात लोक रेडिओवाला म्हणत, पण रेडिओ दुरुस्ती ही पोटापुरती. जीव अडकला होता ऑसिलेटर बनवण्यात. वायरलेस सेट कुठल्या लहरीवर बोलणार, कुठल्या लहरीवर ऐकणार, ते हा ऑसिलेटर ठरवतो. त्यात एका लहरीला एक क्रिस्टल, म्हणजे स्फटिकाची चकती लागते, आणि ती मुंबईहून यायला महिनोन् महिने. ईरप्पाने क्रिस्टलला फाटा दिला. तारेचं वेटोळं आणि फिरतं कंडेन्सर जोडून, बटण फिरवलं की लहर बदलेल असा ऑसिलेटर जमवला. गडी हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

शहराबाहेरच्या एका दगडखाणीच्या मालकाने परवाना काढून त्याचे सेट घेतले. वर तंबूत बोलायचा सेट, खाली खड्ड्यात नुसता ऐकायचा. सुरुंग उडवायच्या आधी मुकादम वरून सांगणार, खालच्याने वर पळायचं. सेट आले तशी लाल निशाणं आणि शिट्ट्या बंद झाल्या. खालच्या सेटवर ईरप्पाने आपल्या मेहुण्यालाच, भीमाशंकरला, चिकटवलं.

"मी लावून दिलंय तसंच ऱ्हाऊ दे. बटनाला हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत, दाजी."

थंडीत सगळं बिनबोभाट चाललं. मे महिन्यात एका दुपारी बाकीचे गडी भाकरी खायला वर आले होते. मुकादमाने सेटवर इशारा दिला, थोडा थांबला आणि सुरुंगाची कळ दाबली. भीमाशंकर खालीच होता.

त्याला डुलकी लागली असणार, असं सगळ्या खाणीने ठरवून टाकलं.

ईरप्पाला ते पटेना. माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तसाच दुसरा सेट भर उन्हात खडकावर ठेवला आणि मुकादमाला वरून बोलत राहायला सांगितलं. वेटोळ्याचे वेढे हलू नयेत म्हणून त्याने ते मेणाने बसवले होते, आणि तपासले होते वाळ्याच्या पडद्याआड, पंख्याखाली. उन्हात मेण ढिलं पडलं, वेढे सरकले, लहर बदलली आणि मुकादमाचा आवाज गेला. त्याने बटण जरासं फिरवलं. आवाज लख्ख आला.

संध्याकाळी तो सासूकडे गेला. निंगव्वाने त्याला पाहताच हात जोडले.

"जावईबापू, माझ्या पोरानं तुमच्या नावाला बट्टा लावला. कामावर निजला, मुडदा."

गप्प राहिला असता तर कुणाला कळणार नव्हतं. पण ते हात त्याला बघवेनात.

"आत्याबाई, तो निजला नव्हता. त्याला आवाज पोचलाच न्हाय. माझं काम चुकलं. बटन हलवलं असतं तर ऐकू आलं असतं, पर मीच त्याला नको म्हनलो हुतो."

निंगव्वाचे जोडलेले हात सुटले.

"म्हंजे जागा हुता," ती म्हणाली. "कान लावून बसला हुता. आन् मी लाजंपायी त्याच्या मातीला बी रडले न्हाय."

आणि मग तिने हंबरडा फोडला.